मयताच्या हक्काचे पैसे शोधण्याचे ओझे कुटुंबावर का?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये २९ वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. हजेरीपट, पगारपत्रके, फंडाचे फॉर्म आणि एखादा कामगार गेला की त्याचा शेवटचा हिशेब, हे माझे रोजचे काम होते. निवृत्तीनंतरही ओळखीपाळखीतले लोक कागद घेऊन येत असतात. काही महिन्यांपूर्वी अशाच एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याची कागदपत्रे घेऊन आल्या आणि त्यांनी मला एवढेच विचारले, की यांचे बँकेतले खाते बंद करायचे आहे, त्यासाठी अर्जात काय लिहावे लागेल. त्या पिशवीतून जे निघाले, त्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

बाईंचे पती एका कंपनीत ठेकेदारामार्फत मशीन ऑपरेटर होते. नोकरी अकरा वर्षांची, मूळ पगार १३ हजार रुपये. वयाच्या ४४ व्या वर्षी, रात्री घरीच, हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. या गोष्टीला दोन वर्षे होत आली होती. ठेकेदाराच्या माणसाने एका फॉर्मवर सह्या घेतल्या, भविष्यनिर्वाह निधीचे १ लाख ६१ हजार रुपये बाईंच्या खात्यात जमा झाले आणि तुमचा हिशेब पूर्ण झाला, असे त्यांना सांगण्यात आले. मृत्यू कामावर असताना झालेला नाही, तेव्हा याहून अधिक काही मिळायचे नाही, असेही कोणीतरी समजावले. बाईंनी ते खरे मानले. मी पासबुक उघडून पाहिले. मे महिन्याच्या अखेरच्या नोंदींमध्ये ४३६ रुपये वजा झाल्याची एक ओळ होती आणि तिच्याखाली २० रुपयांची. या दोन आकड्यांचा अर्थ त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हता.

४३६ रुपये हा प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेचा वर्षाचा हप्ता आहे. १ जून ते ३१ मे अशी या विम्याची मुदत असते आणि खातेदाराचा मृत्यू कोणत्याही कारणाने झाला, तरी त्याच्या वारसाला २ लाख रुपये मिळतात. २० रुपये हा सुरक्षा विमा योजनेचा हप्ता असून तो विमा अपघाताचा आहे, त्यामुळे या बाईंना तो लागू नव्हता. पहिला मात्र पूर्णपणे लागू होता. दोन्ही योजना २०१५ पासून चालू आहेत आणि हप्ता दरवर्षी खात्यातून आपोआप कापला जातो. खातेदार एकदा सही करतो, पुढे विसरतो, आणि घरच्यांना तर ते कधी कळलेलेच नसते. मृत्यूचा दाखला घेऊन बाई त्याच शाखेत एकदा जाऊन आल्या होत्या. आधी वारस दाखला आणा, असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले. हप्ता कापणाऱ्या संगणकावर विम्याची नोंद होती, पण ती उघडून पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते.

याहून मोठी रक्कम ज्या योजनेत अडकून पडली होती, तिचे नाव कर्मचारी ठेव संलग्न विमा योजना. ती १९७६ पासून अस्तित्वात आहे, आणि तरीही कारखान्याच्या गेटवर उभे राहून दहा कामगारांना तिच्याबद्दल विचारले, तर एखाद्यालाच ती माहीत असेल, असे मी अनुभवावरून सांगतो. त्याचे कारण साधे आहे. या विम्याचा हप्ता कामगाराच्या पगारातून कापला जात नाही. पगाराच्या अर्धा टक्का रक्कम मालक भरतो, तीही १५ हजारांच्या पगारमर्यादेवर, म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त ७५ रुपये. कपात नाही म्हणून पगाराच्या स्लिपवर रकाना नाही, आणि रकाना नाही म्हणून कामगाराच्या डोळ्यांसमोर ती गोष्ट कधी येतच नाही. आपल्याकडचा कामगार स्लिपवर आधी कपात बघतो. जे कापले जात नाही ते आपल्या नावावर आहे, असे त्याला वाटणार तरी कसे?

या योजनेचा हिशेब असा आहे. मृत्यूपूर्वीच्या १२ महिन्यांतल्या सरासरी मासिक वेतनाच्या, पण १५ हजारांच्या मर्यादेत, ३५ पट रक्कम धरायची, आणि त्यात त्याच काळातल्या फंडाच्या सरासरी शिलकेच्या निम्मी रक्कम, जास्तीत जास्त १ लाख ७५ हजार, मिळवायची. एकूण मर्यादा ७ लाखांची आहे, आणि मृत्यूपूर्वी सलग १२ महिने नोकरीत असलेल्या माणसाच्या कुटुंबाला अडीच लाखांपेक्षा कमी देता येत नाही. या बाईंच्या पतीचे १३ हजारांचे ३५ पट म्हणजे ४ लाख ५५ हजार होतात, आणि फंडाची सरासरी शिल्लक दीड लाखाच्या आसपास असल्यामुळे आणखी सुमारे ७५ हजार. म्हणजे सव्वापाच लाखांहून थोडे अधिक. मृत्यू घरी झाला की रस्त्यात, आजाराने झाला की अपघाताने, याचा या रकमेशी काहीही संबंध नाही; माणूस नोकरीत असताना गेला, एवढेच पुरते. कामावर मेला नाही म्हणून काही नाही, हे वाक्य मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा ऐकले आहे, की ते कुठल्या तरी नियमात लिहिलेले असावे, असे लोकांना वाटू लागले आहे. कामावर असताना झालेल्या अपघाताची नुकसानभरपाई हा वेगळा कायदा आहे आणि त्याचा या विम्याशी गोंधळ घालता कामा नये. काही कंपन्या या योजनेतून सूट घेऊन विमा कंपनीची गट विमा पॉलिसी घेतात. तिथे दावा फंड कार्यालयाऐवजी विमा कंपनीकडे जातो, पण कुटुंबाला मिळणारा लाभ योजनेपेक्षा कमी असून चालत नाही.

असाच घोळ आणखी दोन ठिकाणी होतो आणि दोन्ही ठिकाणी वर्षांचा आकडा आडवा येतो. फंडाच्या पेन्शनला दहा वर्षे नोकरी लागते, हे सर्वांना पाठ आहे. ते खरे आहे, पण सदस्याच्या स्वतःच्या पेन्शनपुरते. सदस्य नोकरीत असताना गेला, तर १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेत एका महिन्याची वर्गणी जमा असली तरी विधवेला निवृत्तिवेतन मिळते, आणि त्याशिवाय एका वेळी दोन मुलांना, त्यांच्या वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत, प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या चौथ्या हिश्श्याइतकी रक्कम मिळते. विधवेचे किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना एक हजार रुपयेच आहे, आणि आजच्या दिवसांत ही रक्कम लाजिरवाणी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पण तो स्वतंत्र पत्राचा विषय होईल.

दुसरा आकडा ग्रॅच्युइटीच्या पाच वर्षांचा. त्याबद्दल मला माझीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी आमच्याकडचा एक फिटर चार वर्षे आणि काही महिन्यांची सेवा झाल्यावर वारला. त्याच्या हिशेबाच्या कागदावर मी ‘पाच वर्षे अपूर्ण, ग्रॅच्युइटी लागू नाही’ असे लिहून वर पाठवले. आमच्या साहेबांनी ती ओळ लाल शाईने खोडली, कायद्याचे पुस्तक माझ्यासमोर ठेवले आणि मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास पाच वर्षांची अट लागू होत नाही, हे कलम मला मोठ्याने वाचायला लावले. त्या दिवशी ते साहेब रजेवर असते, तर माझ्या एका ओळीमुळे त्या फिटरच्या आईवडिलांना त्यांच्या हक्काचे पैसे मिळाले नसते, आणि ते त्यांना कधी कळलेही नसते. माझ्या मनात वाईट हेतू नव्हता, फक्त मला माहीत नव्हते. इतक्या वर्षांनंतरही अनेक छोट्या कार्यालयांत, विशेषतः ठेकेदारांकडे, तीच ओळ लिहिली जाते आणि ती खोडणारे कोणी वर नसते.

आता नामनिर्देशनाकडे, म्हणजे ज्याला आपण सगळेच नॉमिनी लावणे म्हणतो त्याकडे, वळतो. मुलगा विशीत कामाला लागतो तेव्हा फॉर्मवर आईचे किंवा वडिलांचे नाव लिहितो. पुढे लग्न होते. फंडाच्या नियमांप्रमाणे लग्नापूर्वी केलेले नामनिर्देशन लग्न होताच रद्द ठरते आणि नवीन करावे लागते, पण हे त्याला कोणी सांगत नाही. तो गेल्यावर फाइलमध्ये पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा, आईचे नाव असलेला, कायद्याने निरुपयोगी ठरलेला कागद निघतो. मग रक्कम नियमाप्रमाणे कुटुंबातल्या व्यक्तींमध्ये समान वाटावी लागते. सज्ञान मुलगे आणि पती हयात असलेल्या विवाहित मुली या वाटणीत धरल्या जात नाहीत, हे ऐकल्यावर घरात नवे वाद उभे राहतात. विमा पॉलिसीचे मात्र वेगळेच. तिथे लग्नापूर्वी लावलेले आईचे नाव लग्नानंतरही तसेच राहते. नॉमिनी हा केवळ पैसे स्वीकारणारा असून रकमेवर हक्क वारसांचा असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सांगितले. पुढे २०१५ मध्ये विमा कायद्यात दुरुस्ती होऊन आईवडील, पती-पत्नी किंवा मुले यांपैकी कोणी नॉमिनी असेल, तर त्याचा त्या रकमेवर लाभाचा हक्क मानला गेला. वकिलांनाही हे नीट उलगडून सांगावे लागते. मुलगा गमावलेली आई आणि पती गमावलेली सून एकाच बाकावर बसून, एकाच रकमेसाठी, एकमेकींकडे न पाहता आपला नंबर येण्याची वाट पाहत आहेत, हे दृश्य मी एकापेक्षा अधिक वेळा पाहिले आहे. फॉर्मचा एक कागद वेळेवर बदलला असता, तर त्यांतल्या बऱ्याच जणींवर ही वेळ आली नसती.

दावा भरल्यावर पैसे किती दिवसांत मिळावेत, याच्या मुदती कागदावर चांगल्या आहेत. फंड कार्यालयाने परिपूर्ण दावा २० दिवसांत निकाली काढावा, आणि पुरेशा कारणाशिवाय उशीर झाल्यास १२ टक्के दंडव्याज आयुक्तांच्या वेतनातून वसूल करता येते, अशी तरतूद आहे. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत द्यायची असते. आयुर्विमा कंपन्यांना चौकशीची गरज नसलेला मृत्युदावा १५ दिवसांत आणि चौकशी लागली तर ४५ दिवसांत निकाली काढायचा असतो, आणि पॉलिसीला तीन वर्षे होऊन गेल्यावर ती कोणत्याही कारणावरून खोटी ठरवता येत नाही. या सगळ्या मुदतींमधला ‘परिपूर्ण’ हा शब्द कुटुंबांचा घात करतो. घड्याळ चालू होते ते कागद परिपूर्ण झाल्यावर, आणि कागद परिपूर्ण झाले की नाही, हे ठरवतो तो पैसे देणाराच.

आपल्याकडे कागद अडतात ते बहुतेक वेळा बायकांच्या नावावरून. माहेरचे नाव वेगळे, लग्नात ठेवलेले नाव वेगळे, आधार कार्डावर एक, नामनिर्देशनात दुसरे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर आईचे तिसरेच. या बाईंचेही तेच झाले होते. फंडाच्या फॉर्मवर पतीने सासरचे नाव लिहिले होते आणि बँकेचे खाते जुन्या शिधापत्रिकेवरून माहेरच्या नावाने उघडलेले होते. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत, हे सिद्ध करण्यासाठी प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद, विवाह नोंदणीचा दाखला, असे एकेक कागद सांगितले जातात, आणि तेही एका भेटीत एकदम सांगितले जात नाहीत. पहिल्या फेरीत एक त्रुटी निघते, ती दूर केल्यावर दुसऱ्या फेरीत दुसरी. मजुरीवर जाणाऱ्या बाईची प्रत्येक फेरीला एका दिवसाची मजुरी बुडते. सर्व त्रुटी एकाच वेळी, लेखी आणि मराठीत कळवणे एवढे जरी सक्तीचे केले, तरी निम्म्या फेऱ्या वाचतील.

पण माझा मुख्य मुद्दा याच्याही आधीचा आहे. दावा अडला, तर निदान दावा आहे हे कुटुंबाला माहीत असते. ज्यांनी दावाच केला नाही, त्यांचे काय? आजची सगळी व्यवस्था वारस येऊन मागतील, या गृहीतकावर उभी आहे. मालकाला माहीत असते की कामगार गेला, कारण त्याचे नाव हजेरीपटावरून काढावे लागते. ठेव संलग्न विम्याचा हप्ता कोणी भरला, ग्रॅच्युइटी किती झाली, पेन्शन योजनेत नाव आहे की नाही, हे सगळे त्याच्याच दप्तरात असते. बँकेला माहीत असते की आपण हप्ता कापला. ज्याला काहीच माहीत नाही अशा एकट्या व्यक्तीवर, आणि तीही तिच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट महिन्यांत, सगळे शोधून काढण्याची जबाबदारी टाकलेली आहे. विमा कंपन्यांकडे दहा वर्षांहून अधिक काळ कोणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत जमा होते. अशी रक्कम शोधण्याची सोय कंपन्यांना आपल्या संकेतस्थळांवर ठेवावी लागते, आणि बँकांतल्या विसरलेल्या ठेवींसाठी रिझर्व्ह बँकेने २०२३ मध्ये ‘उद्गम’ हे संकेतस्थळ सुरू केले. ही पावले चांगलीच आहेत. तरीही त्यांतसुद्धा शोधायचे कोणी? वारसानेच.

म्हणून कामगार विभाग, भविष्यनिर्वाह निधी संघटना आणि विमा नियामक यांच्याकडे आपल्या वृत्तपत्राद्वारे माझे मागणे असे आहे, की कर्मचारी मरण पावल्याचे कळल्यापासून १५ दिवसांच्या आत मालकाने त्याच्या कुटुंबाला एक लेखी पत्रक देणे बंधनकारक करावे. त्यात फंड, ठेव संलग्न विमा किंवा त्याऐवजी घेतलेली गट विमा पॉलिसी, पेन्शन, ग्रॅच्युइटी, थकीत पगार आणि रजेचे पैसे यांपैकी काय देय आहे, काय नाही आणि नसल्यास का नाही, हे प्रत्येक बाबीसमोर लिहिलेले असावे, आणि त्याची प्रत फंड कार्यालयात जावी. कामगार ठेकेदाराचा असेल, तर या पत्रकाची जबाबदारी मूळ कंपनीवरही असावी. फंडाच्या वर्गणीच्या बाबतीत ती जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर आहेच, तेव्हा यात नवे असे काही नाही. बँकांनीही मृत्यूचा दाखला समोर येताच त्या खात्यातून गेल्या वर्षभरात कोणकोणते विमा हप्ते कापले गेले, हे वारसाला स्वतःहून लिहून द्यावे. आणि पगाराच्या स्लिपवर, कपात नसली तरी, दोन ओळी छापाव्यात: विम्याची अंदाजे रक्कम आणि नॉमिनीचे नाव. दर महिन्याला आईचे नाव डोळ्यांसमोर आले, तर लग्न झालेला माणूस ते कधीतरी बदलेलच.

वाचकांनाही एक विनंती. फंडाचे नामनिर्देशन आता मोबाइलवरून यूएएन, म्हणजे फंडाचा आपला कायमचा क्रमांक, वापरून करता येते. घरच्यांचे आधार क्रमांक आणि फोटो हाताशी असले, की अर्ध्या तासाचे काम आहे, आणि ते केलेले असेल तर वारसाला दावाही घरबसल्या भरता येतो. आपल्या कोणत्या खात्यातून कोणता हप्ता जातो, हे एका कागदावर लिहून तो घरातल्या माणसाच्या हातात द्यावा. असे बोलणे अशुभ मानून टाळणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला राग नाही, पण त्या टाळाटाळीची किंमत मागे राहणाऱ्याला मोजावी लागते. विमा कंपनीने दावा नाकारला किंवा दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत, कोणतेही शुल्क न भरता आणि वकिलाशिवाय तक्रार करता येते; मुंबई आणि पुणे दोन्ही ठिकाणी ही कार्यालये आहेत.

ज्या बाईंपासून हे पत्र सुरू झाले, त्यांचे सगळे दावे आम्ही भरले. नावाच्या फरकामुळे त्यांतला एक दावा दोनदा परत आला, तरी शेवटी सगळे पैसे मिळाले आणि पेन्शन मागील थकबाकीसह सुरू झाली. कायद्याच्या भाषेत त्यांचे काही बुडाले नाही. मधल्या दोन वर्षांत मात्र त्यांच्या मोठ्या मुलीने डिप्लोमाचे दुसरे वर्ष अर्ध्यावर सोडून एका दुकानात काम धरले होते, कारण फी भरायला घरात पैसे नाहीत, असे आईलेकींना वाटत होते. ते पैसे त्या सगळ्या काळात त्यांच्या नावावर जमा होते.

आपला,
टाइम ऑफिसमधला एक निवृत्त कर्मचारी